आधी शांती, मग शब्द

आजचे वाचन: लूक १०:१-९; जोडीला मॉर्मनच्या पुस्तकातील आल्मा १७ व १८



गेल्या रविवारी उपासना संपल्यावर एका आईने मला जिन्यापाशी थांबवलं. तिच्या मुलाला मिशनसेवेचं बोलावणं आलं आहे. ती म्हणाली, "दादा, ट्रेनिंगला नेतात म्हणजे तिथं पोरं दिवसभर करतात तरी काय? आणि माझ्या पोराला जमेल का ते?" मी उभ्या उभ्या तिला वेळापत्रक सांगितलं. ते खरं होतं, पण अपुरं होतं. घरी येऊन आजचा उतारा उघडला आणि वाटलं, उरलेलं आज लिहून टाकावं.

आधी उतारा सावकाश वाचून घ्या. मग पुढे या.

प्रभू सत्तर जणांना नेमतो आणि दोघादोघांना पाठवतो. कुठे? जिथे तो स्वतः नंतर जाणार आहे त्या गावी. म्हणजे हे शिष्य वाट झाडणारे आहेत, येणारा वेगळाच आहे. पिशवी, झोळी, वहाणा काही घ्यायचं नाही. मग एखाद्या घरात शिरल्यावर काय करायचं, हे तो क्रमाने सांगतो. पहिलं, त्या घराला शांती चिंतायची. दुसरं, तिथेच राहायचं आणि पुढे येईल ते खायचं-प्यायचं. तिसरं, तिथल्या आजाऱ्यांना बरं करायचं. आणि चौथं, देवाचं राज्य जवळ आलं आहे हे बोलायचं.

बोलणं चौथं आहे, हे लक्षात आलं का? मी २२ वर्षांचा होतो तेव्हा हा उतारा मला पाठ होता, पण माझ्या डोक्यात बोलणं पहिलं होतं, आणि बाकीचं वेळ उरला तर.

एल्डर म्हणजे वडील

आमचं घर मूळचं सोलापूरचं. वडिलांच्या नोकरीमुळे हैदराबादला आलो. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बायबल, नारायण वामन टिळकांची गीतं आणि नाताळच्या करंज्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला उतरले. त्या परंपरेतल्या मंडळीतलं आमचं घराणं. आजोबा सोलापूरच्या मंडळीत 'वडील' म्हणून नेमलेले होते. अशा घरातला मी मुलगा, हैदराबादला मित्राबरोबर दुसऱ्या मंडळीत जाऊ लागलो आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. लोक आम्हांला मॉर्मन म्हणतात. मंडळीचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'.

आईला ते फार लागलं. "आपल्या घरात येशू नव्हता का रे? तो शोधायला दुसरीकडे कशाला गेलास?" एवढंच ती म्हणायची. मी तिला उत्तरं द्यायचो. लांबलचक, वचनांसकट.

त्यात चहाचा प्रश्न आला. आमच्या मंडळीत १८३३ सालापासून आरोग्याविषयीची एक शिकवण पाळली जाते. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीही नाही. दारू-तंबाखूचं आईला कौतुकच होतं. पण चहा! मावशीकडे गेलो, तिनं कप पुढे केला आणि मी उभ्यानेच म्हटलं, "मी घेत नाही." आणि का घेत नाही ते सांगायला लागलो. मावशीचा हात तसाच राहिला. घरी येताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही.

२०१० साली मिशनसेवेचं बोलावणं आलं. नेमणूक बेंगळुरू मिशनला, त्याआधी मनिलाला प्रशिक्षण. निघायच्या आदल्या रात्री छातीवर लावायच्या पट्टीची गोष्ट निघाली. तरुण पुरुष मिशनरीला आमच्याकडे 'एल्डर' म्हणतात. आई म्हणाली, "तुझे आजोबा साठीत 'वडील' झाले. तू बावीसाव्या वर्षीच?" मी हसलो. ती हसली नाही. विमानतळावर ती आली नाही. धाकटी बहीण आली.

सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा

आता त्या आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

या प्रशिक्षणाची सुरुवात १९६१ साली अमेरिकेत, यूटा राज्यातल्या प्रोव्हो गावी, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात झाली. परदेशी जाणाऱ्यांना भाषा शिकवावी एवढाच तेव्हा हेतू होता. १९७८ पासून त्याला मिशनरी ट्रेनिंग सेंटर हे नाव मिळालं. मनिलाचं केंद्र १९८३ चं. आशियातल्या निरनिराळ्या देशांतली मुलं-मुली तिथे येतात. नवी भाषा शिकायची असेल तर मुक्काम लांबतो. मला ती नव्हती, म्हणून माझा मुक्काम जेमतेम तीन आठवड्यांचा होता. आता तर पहिले काही दिवस घरूनच ऑनलाइन शिकवतात.

सकाळी साडेसहाला उठायचं. गुडघे टेकून प्रार्थना, मग व्यायाम, अंघोळ, पांढरा शर्ट, टाय, छातीवर पट्टी. नाश्ता. मग शास्त्राभ्यास, आधी एकट्याने, नंतर सोबत्याबरोबर. वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग, संध्याकाळचं जेवण, पुन्हा वर्ग. रात्री उद्याचं नियोजन, रोजनिशी आणि साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही, सिनेमा नाही. आठवड्यातून एक तयारीचा दिवस. त्या दिवशी कपडे धुवायचे, केस कापायचे, जवळच्या मनिला मंदिरात जायचं आणि घरी पत्र किंवा ई-मेल लिहायचा. फोन नव्हता. त्या काळी मिशनवर असताना घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला करता यायचा. दर आठवड्याला घरी बोलायची मुभा २०१९ साली मिळाली, त्यामुळे आताच्या आयांचं बरं आहे. पगार कुणालाच नसतो. खर्च स्वतःचा, घरच्यांचा आणि मंडळीच्या मदतीचा.

अभ्यासाला बायबल, मॉर्मनचं पुस्तक आणि 'प्रीच माय गॉस्पेल' हे २००४ साली निघालेलं मार्गदर्शक. त्यातले धडे पाठ म्हणून दाखवायचे नसतात. समजून घ्यायचे आणि समोरच्या माणसाला पाहून आपल्या शब्दांत सांगायचे. हे वाक्य मी वहीत पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं, एवढंच.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे जोडी. सोबती तुम्ही निवडायचा नाही, तो नेमून मिळतो. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. दोघादोघांना पाठवलं, हे वचन वाचायला गोड आहे. पण त्यातला दुसरा कोण असेल हे वचनात सांगितलेलं नाही.

माझा सोबती

माझा सोबती आंध्रच्या किनाऱ्याकडच्या खेड्यातला, २० वर्षांचा. शाळा मध्येच सोडून कामाला लागलेला. इंग्रजी अडखळत बोलायचा. मला तेलुगू येत असल्याने आमची जोडी लावली असावी. सगळ्यांसमोर मला एल्डर म्हणायचा, खोलीत आलो की 'अण्णा'. मी पदवीधर. त्याचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत माझी तीन झालेली असायची. त्याला वचन शोधायला वेळ लागला की मी पानं उलटून त्याच्यासमोर धरायचो. मदत म्हणून नाही, प्रियजनहो. घाई म्हणून.

पहिल्या आठवड्यात सरावाचा धडा झाला. शिक्षक एखाद्या घरच्या माणसाची भूमिका घेतात आणि आपण त्यांच्या 'घरी' जायचं. आमचे शिक्षक दार उघडून म्हणाले, "या, पण मला फार वेळ नाही. मुलगा दवाखान्यात आहे." आम्ही बसलो. सोबत्याने अडखळत विचारलं, "आता मुलाजवळ कोण आहे?" शिक्षक उत्तर देणार, तेवढ्यात मी धडा सुरू केला. १८२० साली न्यूयॉर्क राज्यात, पाल्मायराजवळच्या रानात चौदा वर्षांच्या जोसेफ स्मिथने प्रार्थना केली, तिथपासून ओळीने सगळं. एक मुद्दा चुकला नाही.

संपल्यावर शिक्षक म्हणाले, "धड्यात चूक काहीच नव्हती. पण मुलाजवळ कोण आहे, ते मला सांगायचं राहिलं."

मी मान खाली घातली, पण मनातून राग सोबत्याचाच आला. त्याने मध्येच विचारलं म्हणून धडा बिघडला, असं वाटलं. त्या रात्री मी आमच्या शाखा अध्यक्षांकडे गेलो आणि म्हणालो, सोबती बदलून मिळेल का? ते मध्यमवयीन फिलिपिनो गृहस्थ होते. त्यांनी ना रागावलं, ना समजावलं. म्हणाले, "एक आठवडा थांबा. रोज त्याच्यासाठी एक काम करा, त्याला न सांगता. मग या."

मोज्यांतली चटणी

पहिल्या दिवशी त्याचे बूट पुसून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण आवरलं. मन काही बदललं नाही. कामं मात्र झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत लगेच चमत्कार होतो असं कुणाला वाटू नये.

तिसऱ्या दिवशी मोजे शोधताना बॅगेच्या तळाशी एक जाड पुडकं लागलं. मोज्यांत गुंडाळलेली शेंगाची चटणी. सोलापुरी, लाल, उखळात कुटलेली. आईने न बोलता, मला न सांगता ठेवलेली. मी खाली बसलो आणि रडलो. आणि मग, सांगायला लाज वाटते, ते पुडकं कपाटात मागे सरकवून ठेवलं. सोबत्याला दिसू नये म्हणून.

तिथे तिन्ही त्रिकाळ भात असायचा, पण आपल्या जिभेला काही लागत नसे. सोबती निमूट जेवायचा. दोन दिवस मी रात्री चोरून चिमूटभर चटणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या वाचनात आल्मा १७ वा अध्याय आला.

अम्मोनची गोष्ट तुम्हांला माहीत आहे. राजाचा मुलगा, राज्य नाकारून शत्रूच्या मुलखात सुवार्ता सांगायला गेला. लमोनी राजा त्याला मुलगी देऊ करतो. तो म्हणतो, नको, मी तुमचा चाकर होतो. मग तो मेंढरं राखतो. लुटारूंना पिटाळून लावतो. सगळे चाकर राजाला त्याचा पराक्रम सांगायला धावतात. राजा विचारतो, तो माणूस आहे कुठे? उत्तर येतं, तो घोड्यांना चारा घालतोय. कारण ते काम त्याला सांगितलेलं होतं. राजाच्या मनाचं दार तिथे उघडतं. अम्मोन शिकवतो, पण त्यानंतर. लूक १० मधलाच क्रम.

मी कपाटाकडे पाहिलं. अम्मोन घोड्यांना चारा घालतो आणि मी चटणी लपवतो.

दुपारी जेवताना पुडकं टेबलावर ठेवलं. "आईने दिलीय. घे." सोबत्याने भातात कालवून एक घास घेतला आणि कितीतरी वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "अण्णा, तुमची आई फार चांगली आहे." मी म्हटलं, "ती माझ्यावर रागावलीय. आठवडा झाला, एक ओळ नाही." तो म्हणाला, "तुम्ही तिला काय लिहिता?"

मी सांगितलं. पहिल्या तयारीच्या दिवशी मी आईला मोठा ई-मेल लिहिला होता. बाप्तिस्मा का घेतला, आजोबांची मंडळी आणि आमची मंडळी यांत फरक कोणता, कुठली वचनं वाचावीत. बहीण आईला तो वाचून दाखवणार होती.

तो हसला. "माझ्या आईला वाचता येत नाही. शेजारची मुलगी वाचून दाखवते. मी आईला काय जेवलो ते लिहितो. ती आधी तेच विचारते."

प्रियजनहो, शाळा मध्येच सोडलेल्या त्या मुलाने लूक १० मला त्या टेबलावर शिकवला.

चौथ्या पायरीवरून खाली

दुसऱ्या तयारीच्या दिवशी मी आईला लिहिलं की इथं भात मोकळा असतो, पण वरण नाही. कपडे मी स्वतः धुतो आणि कॉलर अजून निघत नाही. चटणी सापडली. आम्ही दोघं मिळून खातो, तेलुगू मुलाला फार आवडली. मी तुझ्याशी नीट बोललो नाही. मावशीकडेही नीट वागलो नाही. चुकलो. धर्माचं एक अक्षर लिहिलं नाही.

त्याच दिवशी मंदिरातून परत आल्यावर शाखा अध्यक्ष भेटले. त्यांनी विचारलं, "सोबती बदलायचा ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, निघण्याच्या आधी, बहिणीचं उत्तर आलं. आईने सांगितलं तसं तिने उतरवलं होतं. चटणी ओल्या चमच्याने घेऊ नकोस, खवट होईल. कॉलरला आधी साबण चोळून ठेव. त्या पोराला पोटभर वाढ. आणि शेवटी, आजोबांच्या बायबलातून रोज तुझ्यासाठी वाचते.

शांती आधी पोचली होती. राज्याची गोष्ट प्रभू स्वतः बघून घेईल. तो मागून येणारच होता.

मी दोन वर्षं सेवा करून परत आलो. आई आमच्या मंडळीत आली नाही. आजही येत नाही. तिची जुनी मंडळी, तिचं बाक, तिची गीतं. आधी मला वाटायचं की हे माझ्या साक्षीचं अपयश आहे. आता तसं वाटत नाही. नाताळच्या उपासनेला मी तिच्याशेजारी त्याच बाकावर बसतो. मावशीकडेही जातो. चहा अजून घेत नाही. पुढे येईल ते खा-प्या, या आज्ञेचं काय, असं कुणी विचारेल. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. माझ्या देवाला दिलेला शब्द मी मोडत नाही. पण मावशीच्या मनाला तेव्हा ठेच लागली ती कपामुळे नव्हे. मी उभ्या उभ्या नाकारलं आणि उभ्या उभ्या उपदेश केला, म्हणून. आता गेलो की पाणी मागून घेतो, पोहे खातो, तास दीड तास बसतो. मावशी आल्यागेल्याला सांगते, "हा चहा घेत नाही, पण बसतो."

त्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. ताई, तुमच्या मुलाला जमेल. साडेसहाला उठणं जमेल, टाय बांधणं जमेल, धडेही येतील. अवघड असेल ते शेजारच्या खाटेवरच्या माणसावर प्रेम करणं. तेही जमेल, पण ते त्याला कुणी वर्गात शिकवणार नाही. तुम्ही काळजी करू नका. मात्र बॅगेत काहीतरी खाऊ ठेवा, आणि दोघांना पुरेल इतका ठेवा.

आज विचार करण्यासाठी

१. माझ्या घरात असं कोण आहे, ज्याला मी शांती न देता फक्त उत्तरं दिली आहेत?

२. प्रभूने मला नेमून दिलेला 'सोबती' कोण? सासू, भाऊ, ऑफिसातला शेजारी, कुणीही असेल. या आठवड्यात त्याला न सांगता मी त्याच्यासाठी कोणतं एक काम करीन?

३. मी कपाटात मागे सरकवून काय ठेवलं आहे?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला एकटं पाठवत नाहीस म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या तोंडात शब्द घालण्याआधी आमच्या पावलांत शांती घाल. ज्या घरी आम्ही जातो तिथे बसायला शिकव, ऐकायला शिकव. ज्या आया दाराशी वाट बघताहेत त्यांना धीर दे, आणि जी मुलं दूर गेली आहेत त्यांना आईची आठवण राहू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो, आमेन.